‘फुकट राबायला इटलीला कशाला?’

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांची. सोलापुरात एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सहा आठवडे रजा काढून इटलीत, तोस्कानातल्या एका कुटुंबाच्या सेंद्रिय ऑलिव्ह मळ्यावर राहायचं डोक्यात आहे. रोज पाच-सहा तास काम, बदल्यात राहणं-जेवण. आई म्हणते, परक्याच्या घरी एकटी पोरगी कशी राहणार? बाबा म्हणतात, अक्कलकोटला आपल्याच रानात तण माजलंय, तिथं राब की फुकट! आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा चालत नाही. निभेल का माझं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आईची समजूत निघेल, जेवणाचंही जमेल. खरी अडचण तू पत्रात लिहिलेलीच नाहीस, ती म्हणजे व्हिसा.

शहरातल्या माणसांनी शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर हात लावायला जावं, म्हणून 1971 साली इंग्लंडमध्ये ‘वूफ’ (WWOOF) हे मळेवाले आणि राबायला येणारे यांची गाठ घालून देणारं जाळं सुरू झालं. आता देशोदेशी त्याच्या वेगळ्या संस्था आहेत आणि वर्गणीही वेगळी. त्यांच्या लेखी ही नोकरी नसून देवाणघेवाण आहे. पण व्हिसा देणारा तसंच समजेल, असं नाही. न्यूझीलंडमध्ये जेवण-राहण्याच्या बदल्यात केलेलं काम सरळ कामच धरतात, पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेलं तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतच सेवा करता येते, तीही फार तर 30 दिवस. म्हणून इटलीच्या मुंबईतल्या वकिलातीला आधी ई-मेल कर : अमुक मळा, इतके आठवडे, पगार नाही, राहणं-जेवण मिळणार, कोणता व्हिसा लागेल? उत्तर लेखी घे. ‘फिरायला चालले’ असं सांगून मळ्यावर जायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. एकदा नकार पडला की शेंगेनच्या, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या इटलीसकट युरोपातल्या गटाच्या, सगळ्या देशांना तो दिसतो.

उत्तर ‘नाही’ आलं तर नेपाळ बघ. तिथं आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट पुरतो (आधार चालत नाही, यावर बरेच जण अडकतात). सेंद्रिय शेतावर राहून काम करायची सोय तिथंही आहे. पहिल्यांदाच देशाबाहेर पडणार असशील तर मला तोच मार्ग जास्त पटतो.

आता मळ्याचं. तू निवडलेला हंगाम सगळ्यात दगदगीचा आहे. झाडाखाली जाळी अंथरायची, हातातल्या दाताळ्यानं फांद्या विंचरून फळ पाडायचं, पानं-काड्या निवडून क्रेट भरायचे. तोडलेलं फळ ढिगात तापतं, आंबूस होतं आणि तेलाची प्रत बिघडते. म्हणून एक-दोन दिवसांत ते घाण्यावर पोचलंच पाहिजे. घाण्याची पाळी ठरलेली असते. ती चुकू नये म्हणून पाच तासांचे नऊ कधी होतात, कळत नाही. म्हणून आधीच विचार : घाण्याच्या आदल्या दिवशी किती तास? त्या बदल्यात सुट्टी कधी? शिडीवर चढावं लागतं का? सोबत आणखी किती जण असतील?

आईसाठी व्हिडिओ कॉल लाव, पण एकट्या मालकाशी नको, घरातल्या बाईशीही बोलणं होऊ दे. खोलीचा फोटो मागव, दाराला आतून कडी आहे का ते बघ. बसथांबा किती लांब, फोनला रेंज आहे का, हेही विचार. मळ्याबद्दलच्या ऑनलाइन अभिप्रायातले तारे मोजत बसू नकोस. एकट्या राहिलेल्या मुलींनी काय लिहिलंय ते वाच आणि त्यातल्या दोघींना निरोप पाठव. मालकानं अनामत मागितली, पासपोर्ट ठेवून घेतो म्हटला, किंवा शेतापेक्षा पाहुण्यांच्या खोल्या झाडण्यावर बोलणं गेलं, तर तो मळा सोड. पोचल्यावर दीड-दोनशे युरो वेगळे ठेव, न पटल्यास त्याच दिवशी निघून शहरात एक-दोन रात्री काढता येतील एवढे. अडचणीला 112 नंबर तिथंही चालतो.

जेवणाबाबत नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. मांस, मासे, अंडी, हाडांचा रस्सा, सगळं नावानिशी लिही. पार्मेझान चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) घालून करतात, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पास्ता, पाव, कडधान्य, भाज्या यांवर पोट भरतं. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी ने. तूप, पेढे नकोत. दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. भेट म्हणून मालदांडी ज्वारीचं बियाणंही नको, रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्याशिवाय ते विमानतळावरच काढून घेतील. सोलापुरी चादर खुशाल ने.

शेंगेन व्हिसाला 30,000 युरोचा विमा लागतोच, पण साध्या प्रवास विम्यात अंगमेहनतीच्या कामातली दुखापत बहुतेक वेळा धरत नाहीत. एजंटकडून ते कलम वाचून घे. धनुर्वाताचं इंजेक्शन इथंच घेऊन टाक. गवतात गोचीड असतात, म्हणून पँट मोज्यात खोचायची.

बाबांचं म्हणणं मला अर्धं पटतं. जायच्या आधी सलग आठ दिवस अक्कलकोटला रोज पाच तास खुरपून बघ. खुर्चीत बसून काम करणाऱ्याची कंबर तिसऱ्या दिवशी बोलायला लागते, आणि ते इटलीत कळण्यापेक्षा बाबांसमोर कळलेलं बरं. तणही निघेल, त्यांचा विरोधही थोडा सैल होईल.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो. तोवर विमानाचं नुसतं आरक्षण ठेव, तिकिटाचे पैसे व्हिसा हातात पडल्यावर भर.