जुन्या कोंबड्या नवीन तलंगांना टोचतात, काय करावं?

तुमच्या आठ गावरान कोंबड्यांत वडगावच्या बाजारातून आणलेल्या दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, थेट सोडल्या, जुन्यांनी त्यांना टोचून कोपऱ्यात कोंडलं आणि तुम्ही दिवसभर काठी घेऊन भांडणं सोडवताय. आधी ती काठी ठेवा.

कोंबड्यांत वरचढ कोण, हे जोडीजोडीनं ठरतं. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लिफ श्येल्डेरुप-एब्ब यांनी १९२२ मध्येच हे मांडलं होतं. एकदा निकाल लागला की हरलेली पुढच्या वेळी नुसती मान खाली घालून सरकते. तुमच्याकडं आठ जुन्या, दोन नव्या, म्हणजे असे सोळा निकाल बाकी आहेत. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्यासारखी कुस्ती निकाली होऊ द्या. मध्येच सोडवलीत तर तीच जोड उद्या परत लागणार.

मात्र रक्त दिसलं तर लगेच उचला. लाल जागेवर सगळ्या तुटून पडतात, जीवही जातो. जखमेला जेन्शन व्हायोलेट हे जांभळं औषध लावा, त्यानं लाल रंगही झाकतो. पण तिला परसात लांब नेऊन ठेवू नका. दोन-तीन आठवडे दिसली नाही की बाकीच्या विसरतात आणि ती पुन्हा परकी ठरते. त्याच खुराड्यात जाळीआड ठेवा.

खरं तर बाजारातलं पाखरू आधी दोन-तीन आठवडे वेगळंच हवं, मानमोडी (राणीखेत) रोगाच्या भीतीनं. मग ७ ते १० दिवस जाळीआड, म्हणजे दिसेल पण टोचता येणार नाही. नंतर दोघींना एकदमच सोडा, एकटीला कधीच नको. रात्री गुपचूप दांडीवर बसवायची युक्ती अर्धीच चालते. उजाडलं की ओळख पटते, म्हणून तांबडं फुटताना तिथं हजर राहा.

बरीच भांडणं खाण्यावरून होतात. पाखरामागं १० सेंटीमीटर जागा धरा, म्हणजे दहांना एक मीटर. पण एकच लांब भांडं नको. लांब-लांब दोन ठेवा, पाणीही तसंच. वरची कोंबडी एकाच ठिकाणी पहारा देऊ शकते. आडोशाला कडब्याच्या पेंड्या उभ्या करा, दोन्हीकडून वाट ठेवून.

कोंबड्यांच्या भांडणात कोंबडा बरेचदा मध्ये पडतो. दहा माद्यांना एक पुरे, दुसऱ्याचा पांढरा रस्सा करा.

रोज संध्याकाळी तलंगांच्या गळ्याखालची पिशवी चाचपा. रिकामी लागली तर कुणीतरी अजून खाऊ देत नाही. बहुतेकदा ती एकच असते. मग तलंगांना नको, तिलाच चार-पाच दिवस बाहेर काढा; परत आल्यावर बरीच नरम पडलेली असते.