पुस्तकासाठी मध्यरात्री जावे का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमधील एका लहान शहरात राहतो. माझी बारा वर्षांची मुलगी एका कादंबरी-मालिकेची निस्सीम वाचक आहे. मालिकेचा नवा भाग पुढील महिन्यात येत असून आमच्या भागातील पुस्तकांचे छोटे दुकान त्यासाठी रात्री बारा वाजता विक्री सुरू करणार आहे. मुलीने तिथे जाण्याचा हट्टच धरला आहे. तेच पुस्तक सकाळी सुपरमार्केटमध्ये कमी किमतीत मिळणार असताना तिला अपरात्री रांगेत उभे करावे का? सध्या आमच्याकडे आलेल्या सासूबाईंना हा निव्वळ विक्रीचा देखावा वाटतो, आणि त्यांचे म्हणणे मला पुरते खोडून काढता येत नाही.
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : मुलीला जरूर घेऊन जा. सासूबाईंची शंका रास्त आहे. या प्रथेला व्यापाराची बाजू आहेच, आणि ती नीट समजून घेतली की जाण्याचे कारणही त्यातच सापडते.

ही प्रथा जगभर रूढ झाली ती हॅरी पॉटरच्या पुस्तकांमुळे. मालिकेचा तिसरा भाग ब्रिटनमध्ये 8 जुलै 1999 रोजी, गुरुवारी, विक्रीला आला तो मात्र रात्री नव्हे, तर दुपारी पावणेचार वाजता. मुलांनी पुस्तकापायी शाळा बुडवू नये, म्हणून शाळा सुटण्याची वेळ पाहून ती वेळ ठरवली होती. पुढच्या वर्षी, 8 जुलै 2000 रोजी, चौथा भाग मध्यरात्री आला, आणि तेव्हापासून सातव्यापर्यंतचे चारही भाग शनिवारी प्रकाशित झाले, त्यामुळे शुक्रवारी रात्री जागलेल्या मुलांना सकाळी शाळेची घाई नव्हती. तुम्ही वार आधी पाहून घ्या. ब्रिटनमध्ये नवी पुस्तके बहुधा गुरुवारी येतात, म्हणजे जागरण शाळेच्या आदल्या रात्रीचे असू शकेल, आणि तसे असल्यास दुसऱ्या दिवशी शाळा चुकवायची नाही हे मुलीकडून आधीच कबूल करून घ्यावे.

मध्यरात्रीला खरा अर्थ येतो तो विक्रीबंदीमुळे. पुस्तकांची खोकी दुकानात आधीच येऊन पडलेली असतात, परंतु ठरलेल्या क्षणापूर्वी एकही प्रत विकणार नाही, असे दुकानदार प्रकाशकाला बांधील असतो. 2005 मध्ये, सहाव्या भागाच्या वेळी, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका दुकानाने चुकून 14 प्रती आधीच विकल्या, तेव्हा प्रकाशक न्यायालयात गेले आणि ठरलेल्या वेळेपूर्वी ते पुस्तक वाचू नये, असा मनाई आदेश ग्राहकांना मिळाला. पैसे देऊन घेतलेले पुस्तक वाचण्यास मनाई करणे मला आजही अतिरेकाचे वाटते. तरीही या बंदीतून जे घडते ते मोलाचे आहे, कारण त्या रात्री दुकानात जमलेल्यांपैकी कोणालाच पुढची कथा ठाऊक नसते. तुमची मुलगी, तिच्यामागे उभे असलेले एखादे निवृत्त शिक्षक आणि गल्ल्यावर बसलेला दुकानदार हे त्या घटकेला सारखेच अजाण असतात. आपल्याकडील प्रकाशन समारंभात व्यासपीठावरचे वक्ते पुस्तक आधी वाचून येतात, आणि प्रकाशनपूर्व सवलतीत नाव नोंदवलेला वाचक समोर श्रोता होऊन बसतो. मध्यरात्रीच्या विक्रीत सगळे बोलणे वाचकांचेच असते, तेही अजून न वाचलेल्या पुस्तकाबद्दल. मागच्या भागात सुटलेले धागे, कोण जगेल, कोण फितूर निघेल, यावर अनोळखी मुले तासभर हिरिरीने वाद घालतात. शाळेत मालिका वाचणारी एखादीच मैत्रीण असलेल्या मुलीला अशी सोबत एरवी कुठे मिळणार?

आता किमतीचे. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे सुपरमार्केटमध्ये पुस्तक स्वस्त मिळेल, हे खरे आहे. 2007 मध्ये सातव्या भागाची छापील किंमत 17.99 पौंड असताना ब्रिटनमधील एका सुपरमार्केट साखळीने तो 5 पौंडांना विकला, म्हणजे चक्क तोटा सोसून, कारण पुस्तकासाठी आलेले गिऱ्हाईक आठवड्याचे वाणसामानही घेऊन जाते. छोट्या दुकानाला पुस्तकाखेरीज दुसरे काही विकायचे नसते आणि घाऊक खरेदीतही प्रत त्या भावात पडत नाही. किमतीच्या स्पर्धेत ते टिकणारच नाही. आपल्या वाचकांना नावानिशी ओळखणे आणि त्यांच्यासाठी रात्री दार उघडणे एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून पुस्तक तिथेच, त्यांच्या किमतीला घ्यावे. रात्रीची मौज दुकानात लुटायची आणि खरेदी सकाळी सुपरमार्केटात करायची, हे मला पटत नाही.

साधारणपणे दुकान संध्याकाळी बंद होऊन दहाच्या सुमारास पुन्हा उघडते. लहान मुलांसोबत मोठ्यांनी थांबावे अशी बहुतेकांची अपेक्षा असते. तशी नसली तरी तुम्ही थांबा. बाराला काही मिनिटे उरली की खोकी गल्ल्याजवळ आणली जातात, कोणीतरी चिकटपट्टीवर पाते टेकवून घड्याळाकडे पाहत उभे राहते, मुले मोठ्याने उलटे आकडे मोजू लागतात, आणि पट्टी फाटताच नव्या कागदाचा व शाईचा वास पहिल्या रांगेपर्यंत येतो. तो क्षण मुलीला पुढे उभे राहून पाहू द्या. पुस्तक मिळाल्यावर मात्र फार रेंगाळू नका, कारण शेवटचे पान आधी उघडून ते मोठ्याने सांगणारा एखादा महाभाग गर्दीत असतोच. घरी गेल्यावर एक प्रकरण वाचू द्या आणि मग दिवा घालवा.

नावनोंदणी याच आठवड्यात करा. छोटी दुकाने नोंदणीचा अंदाज घेऊनच प्रती मागवतात, आणि नाव नसलेल्याला रांगेच्या शेवटी रिकाम्या हाताने परतावे लागू शकते. तुम्ही स्वतःही ही मालिका वाचत असाल, तर दोन प्रती सांगून ठेवा.