ध्रुवप्रदेशांचा अभ्यास करायचा, तर पाया कशाचा?

आपले पत्र मिळाले. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलीला ध्रुवप्रदेश आणि जागतिक हवामान यांचा अभ्यास करायचा आहे, पण निर्मनुष्य बर्फाच्या अभ्यासातून पुढे काय साधणार, असे आपण विचारले आहे. आपली काळजी मी समजू शकतो. मात्र हा विषय साहसाचा कमी आणि भौतिकशास्त्राचा अधिक आहे.

समुद्रावरील बर्फाचेच उदाहरण घ्या. ताजे हिम सूर्यप्रकाशाचा 80 टक्क्यांहून अधिक भाग परावर्तित करते, तर बर्फ वितळून उघडा पडलेला समुद्र 90 टक्क्यांहून अधिक भाग शोषून घेतो, आणि असे तापलेले पाणी उरलेला बर्फही वितळवू लागते. आर्क्टिक प्रदेश 1979 पासून जागतिक सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला, त्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. दक्षिणेकडे, अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्रात पाणी गोठताना बहुतेक मीठ बर्फात न राहता खालच्या पाण्यात मिसळते, आणि ते थंड, जड पाणी तळाशी जाऊन महासागरांच्या तळावरून हजारो किलोमीटर पसरत जाते. परावर्तन, क्षारता, घनता या सगळ्या संकल्पना आपल्या मुलीच्या पाठ्यपुस्तकात आहेत.

रसायनशास्त्राची ओढ असेल, तर अंटार्क्टिकातील डोम सी येथून काढलेल्या हिमगाभ्याबद्दल, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब दंडगोलाबद्दल, तिला अवश्य वाचू द्या. अशा बर्फाचा तुकडा निर्वात पात्रात चिरडून त्यातील बुडबुड्यांत अडकलेली प्राचीन हवा मोजली जाते. गेल्या 8 लाख वर्षांत औद्योगिक युगापूर्वी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात सुमारे 300 भागांच्या वर गेले नव्हते, हे त्यातूनच कळले. आज ते 420 च्या पुढे आहे.

म्हणून पदवीसाठी भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र किंवा भूविज्ञान घ्यावे आणि ध्रुवीय विषयाकडे पदव्युत्तर टप्प्यावर वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग मात्र आतापासूनच शिकावे. संशोधनातील कायम पदे मोजकीच असतात आणि त्यांसाठी बहुधा पीएचडी लागते, हे तिला आधीच सांगावे. तरी हीच कौशल्ये हवामान अंदाज आणि उपग्रह-माहितीच्या क्षेत्रांतही उपयोगी पडतात.

आर्क्टिक समुद्रबर्फाच्या 1979 पासूनच्या उपग्रह-नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी तिला दर सप्टेंबरच्या आकड्यांचा आलेख काढू द्या आणि 2012 मध्ये तो एकदम इतका खाली का गेला, याचे उत्तर स्वतः शोधू द्या. तिला काय सापडले, ते मला जरूर कळवा.