तुम्ही पुण्यातून विचारलंय: ॲनिमेशनच्या क्लासला पैसे भरावेत का, आणि कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकून जीवशास्त्रात करिअर होतं का?

होतं. प्रझेमिस्वाव प्रुसिंकिएविच या पोलिश संगणकशास्त्रज्ञांचंच बघा. (नाव नीट म्हणायला मला दोन दिवस लागले.) शिक्षण वॉर्सोत, मग अल्जीरिया, कॅनडातलं रेजायना, आणि 1991 पासून कॅलगरी विद्यापीठ.

1968 मध्ये लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने वाढीचे नियम अक्षरांत मांडले होते. वहीवर करून बघा: दर फेरीला प्रत्येक 'अ'चं 'अब' करायचं, 'ब'चं 'अ'. अ, अब, अबअ, अबअअब... अक्षरं मोजली की 1, 2, 3, 5, पुढे 8. हो, फिबोनाची (दर आकडा म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज)! प्रुसिंकिएविच यांनी अशी अक्षरं शाळेतल्या लोगो या प्रोग्रामिंग भाषेतल्या, पडद्यावर रेघा काढणाऱ्या कासवाला हुकूम म्हणून दिली: पुढे जा, वळ, फांदी फुटली की जागा लक्षात ठेव, टोक गाठून तिथेच परत ये. झालं पडद्यावर झाड! 1990 मध्ये यावर दोघांचं पुस्तक आलं. लिंडेनमायर आदल्याच वर्षी गेले होते. 1997 मध्ये प्रुसिंकिएविच यांना सिग्ग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. पण मला नंतरचं काम जास्त भारी वाटतं. ऑक्झिन या संप्रेरकाच्या वहनातून पान नेमकं कुठे फुटतं, याची मॉडेलं त्यांनी जीवशास्त्रज्ञांसोबत बनवली.

तुम्ही पुण्यातच आहात, तर पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेमध्ये गणित आणि जीवशास्त्र एकाच आवारात आहे, पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्स (जीवशास्त्रातली माहिती संगणकाने अभ्यासणं) आहे. फक्त गणित सोडू नका. ॲनिमेशनच्या क्लासला पैसे भरायचे की नाही, ते नंतर बघू. आधी वरचं कासव पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या 'टर्टल'मध्ये चालवा, फुकट आहे.