कुठलं काम कुणाकडे अडकलंय, ते दिसतंय का?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. कामं वाढली, कागद वाढले, सगळं एका नजरेत दाखवणारं ॲप कुठलं ते सांगा. एकच नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण घर बांधणाऱ्याची गरज वेगळी, साड्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताईंची वेगळी, म्हणून पत्रं एकेक करून घेतो.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. गावात घराचं बांधकाम चालू आहे, पुढच्या वर्षी मुलीचं लग्न आहे आणि भावाभावांत जमिनीची वाटणीही व्हायची आहे. सध्या सगळं फायलींत, डायरीत आणि व्हॉट्सॲपवर विखुरलंय. पुण्याचा मुलगा म्हणतो नोशन घ्या, जावई होणारे म्हणतात ट्रेलो. काय करू? (हिंडलगा)

उत्तर : नोशन म्हणजे नोंदी आणि तक्ते ठेवायचं ॲप, ट्रेलो म्हणजे रकान्यांत कामांची कार्डं सरकवायचा बोर्ड. दोघंही आपापल्या ऑफिसात जे वापरतात तेच सांगतायत. तुमची हयात लेजरमध्ये गेली. तुम्हाला गूगल शीट्स, म्हणजे गूगलचा रकान्यांचा तक्ता, पहिल्याच दिवशी हाताला बसेल.

आधी कामांचा स्वभाव बघा. लग्न तारखेवर चालतं. मुहूर्त ठरला की मंगल कार्यालय, आचारी, बस्ता, पत्रिका हे सगळं त्या तारखेपासून उलटं मोजत यायचं. घर टप्प्यांवर चालतं: पाया, प्लिंथ, लिंटेल, स्लॅब. बँक कर्जाचा हप्ताही टप्पा बघूनच सोडते, हे तुम्हाला मी काय सांगायचं! आणि वाटणी चालते माणसांवर. भावांचं एकमत, मग मोजणी, पोडी (म्हणजे जमिनीचे वेगळे हिस्से पाडणं), मग वेगवेगळे उतारे. एका भावाला सवड नसली की पुढचं सगळं तसंच राहतं. इतक्या वेगळ्या कामांना तारखांचं कॅलेंडर एकटं पुरत नाही, टप्प्यांचा बोर्डही पुरत नाही. पण एक प्रश्न तिन्हींना लागू पडतो: हे काम आत्ता कुणाकडे थांबलंय?

म्हणून शीटमध्ये चारच रकाने करा. काम, पुढचं पाऊल, कुणाकडे, परत कधी विचारायचं. 'घर' अशी ओळ लिहू नका, ती कधीच पुसली जाणार नाही. 'ई-स्वत्तूचे नऊ आणि अकरा नंबरचे फॉर्म, पंचायत, सोमवार' अशी लिहा (ई-स्वत्तू म्हणजे ग्रामपंचायत हद्दीतल्या मालमत्तांची सरकारी ऑनलाइन नोंद). 'तात्पुरतं वीज कनेक्शन, हेस्कॉम, गुरुवार.' 'खिडक्यांची मापं, सुतार, उद्या.' 'कुणाकडे' या रकान्याला ड्रॉपडाउन (ठरलेल्या नावांतून निवडायची यादी) लावा. पंचायतीत जायच्या आधी फिल्टरमध्ये 'पंचायत' निवडलं की घराचं, जमिनीचं, तिथलं जे काही असेल ते एकत्र समोर येतं आणि एका हेलपाट्यात उरकतं. तारखेच्या रकान्याला कंडिशनल फॉरमॅटिंग (अट जुळली की आपोआप रंग बदलायची सोय) द्या. 'आजच्या आधीची तारीख' हा पर्याय त्यात तयार असतो, त्याला लाल रंग निवडायचा. सकाळी चहा पिता पिता लाल ओळी बघितल्या की झालं.

दोन गोष्टी सुरुवातीलाच करून टाका. शीटच्या सेटिंग्जमध्ये 'लोकेल' भारत ठेवा. ते अमेरिका राहिलं तर 5/4 म्हणजे 5 एप्रिल न होता 4 मे होतो, आणि लग्नघरात असला घोळ परवडत नाही. दुसरं, आकडे 1, 2, 3 असेच लिहा. देवनागरी आकडे शीट मजकूर समजू शकते आणि मग ते बेरजेत धरले जात नाहीत. खर्चाचा हिशेब वेगळ्या टॅबवर करा, कामांच्या यादीत मिसळू नका.

प्रश्न : उद्यमबागेत नोकरी करतो. संध्याकाळी एक ऑनलाइन कोर्स, मित्राच्या दुकानाची वेबसाइट, फोटोग्राफी आणि आणखी बरंच काही चालू असतं. नोशनची टेम्प्लेट्स उतरवून बघितली, छान दिसतात, पण काम पुढे जात नाही. (अनगोळ)

उत्तर : टेम्प्लेट सजवणं हेही एक चालू काम धरा, मग हिशेब लागेल.

तुम्ही कारखान्यात आहात, कानबान, म्हणजे कार्डांवर काम चालवायची जपानी पद्धत, कानावर आलं असेल. टोयोटात ताईची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ही पद्धत बसवली. त्यात कार्डाचं मुख्य काम होतं लगाम लावायचं. पुढच्या ठिकाणाहून कार्ड आल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही, म्हणजे मध्ये ढीग साचत नाही. ट्रेलो आणि त्याच्यासारख्या ॲप्सनी कार्डं घेतली, रकाने घेतले, आणि वापरणाऱ्यांनी तो लगाम कारखान्यातच सोडला. मग 'चालू' या रकान्यात पंधरा कार्डं बसतात आणि बोर्ड बघूनच दमायला होतं.

ट्रेलोच्या फुकट खात्यावर एक साधा बोर्ड काढा. रकाने: नंतर, चालू, दुसऱ्याकडे, झालं. 'चालू'मध्ये तीनच कार्डं. चौथं आणायचं तर तिघांपैकी एक पूर्ण करा किंवा 'नंतर'मध्ये परत पाठवा. मित्राने वेबसाइटसाठी फोटो दिलेच नसतील तर ते कार्ड तुमचं चालू काम नव्हे, ते 'दुसऱ्याकडे' जाईल. त्या एका रकान्याने तुमचा निम्मा अपराधीपणा कमी होईल असा माझा अंदाज आहे. नोशनच आवडत असेल तर कोरा डेटाबेस (नोंदींचा तक्ता) घेऊन त्याला बोर्डाचं रूप द्या, हेच तिथंही जमतं. फोटोग्राफी मात्र बोर्डावर आणू नका. छंदाला 'झालं'चा रकाना कशाला?

प्रश्न : कणकुंबी भागातल्या शाळेत शिकवते. पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नसतो, वीजही जाते. शाळेचे उपक्रम, माझा एम. ए.चा अभ्यास, घरची काजूची बाग, सगळं फोनवर बघता यायला हवं. (खानापूर तालुका)

उत्तर : तुमची निवड नेटवर्कनेच अर्धी केलीय. माहिती आधी फोनमध्ये आणि मग नेटवर, असा क्रम असणारं ॲप घ्या. ऑब्सिडियन तसं आहे. तुमची प्रत्येक नोंद साधी मजकुराची फाइल म्हणून फोनमध्येच राहते आणि ॲप फुकट आहे. 2025 मध्ये त्यात 'बेसेस' नावाची सोय आली, तिच्यामुळे विखुरलेल्या नोंदी एका तक्त्यात दिसतात: कुठला उपक्रम, कुठवर आला, कुणाकडे आहे. फोन आणि लॅपटॉप जुळवायची त्यांची स्वतःची सेवा पैसे घेते. फोन एकच असेल तर तिची गरज नाही, पण महिन्याकाठी सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

हे जड वाटलं तर गूगल शीट्सच. फक्त फोनमध्ये त्या फाइलवर 'ऑफलाइन उपलब्ध' हे आधीच चालू करा, रेंज गेल्यावर ते करता येत नाही. नोशननेही ऑगस्ट 2025 मध्ये ऑफलाइनची सोय दिली, पण पानं आधी निवडून उतरवावी लागतात आणि मोठ्या डेटाबेसच्या सगळ्या नोंदी सोबत येतीलच असं नाही. मिरगापासून नवरात्रापर्यंत तुमच्याकडे जो पाऊस असतो, त्यात मी नोशनच्या भरवशावर राहणार नाही.

काजूच्या बागेला ॲप लागेल असं वाटत नाही. फवारणी आणि खताच्या तारखा फोनच्या कॅलेंडरात टाका, बास.

प्रश्न : घरातूनच साड्यांना फॉल-पिको, ब्लाउज, भरतकाम करून देते. मी मराठीत लिहिते, मदतीच्या दोघी कन्नडमध्ये, सून इंग्रजीत. सणाच्या तोंडावर कुणाची साडी कुठवर आली तेच कळत नाही. एकदा लिहून ठेवलेलं शोधलं तर सापडत नाही. (शहापूर)

उत्तर : ताई, तुमचं काम बोर्डासाठीच जन्माला आलंय. आली, मापं घेतली, शिलाईत, भरतकामाला, तयार, नेली. प्रत्येक साडी म्हणजे एक कार्ड, कार्डावर साडीचा फोटो. फोटोला मराठी, कन्नड, इंग्रजी काहीच लागत नाही. ट्रेलोच्या फुकट खात्यात एका वर्कस्पेसमध्ये दहा माणसं आणि दहा बोर्ड बसतात. तुम्हा चौघींना एकच बोर्ड भरपूर झाला. मात्र फुकट खात्यात एक फाइल 10 एमबीच्या आतली लागते. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो सहसा त्याहून लहानच असतो.

सापडत नाही याचं कारण तुमचं लक्ष नाही असं मुळीच नाही. शोधणारं यंत्र अक्षराला अक्षर ताडून बघतं. एकदा 'बिल' लिहिलं आणि नंतर 'बील' शोधलं तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. 'इरकल' आणि 'इलकल'चं तेच, आडनावातल्या ऱ्हस्व-दीर्घाचं तेच, आणि कन्नड लिपीतलं तर मराठीत शोधून मिळणारच नाही. म्हणून कार्डाचं नाव शब्दांनी सुरू करू नका. गिऱ्हाइकाच्या फोनचे शेवटचे चार आकडे आधी लिहा, ते 1, 2, 3 अशा आकड्यांत, मग नाव ज्याला ज्या लिपीत लिहायचं त्यात लिहू दे. गिऱ्हाईक दारात आलं की नंबर विचारायचा, चार आकडे टाकायचे. तातडीच्या साडीला लाल लेबल, आगाऊ पैसे आलेत तिला हिरवं. दोनच रंग ठेवा. सहा रंग केले की त्यांचा अर्थ फक्त सुनेला कळेल.

आणि 'भरतकामाला' या रकान्यात बाहेर दिलेल्या साड्या असतील तर कुणाकडे दिली ते कार्डावर लिहायलाच हवं. हरवते ती साडी नेहमी तिथंच हरवते.

प्रश्न : वहीत लिहिलं तर चालत नाही का? (संकेश्वर)

उत्तर : चालतं की! एकटा माणूस, हातात सात-आठ कामं, तर वहीचं एक पान ॲपपेक्षा लवकर उघडतं. काम दुसऱ्याला दाखवायचं असेल, तारखेची आठवण हवी असेल, किंवा यादी वरखाली फिरवायची असेल तेव्हाच फोनकडे वळा.

प्रश्न : पूर्वी यादीचं एक ॲप वापरत होतो, ते बंदच झालं. आता जे घेईन तेही बंद झालं तर? (चिकोडी)

उत्तर : होऊ शकतं. वुंडरलिस्ट फार लोकप्रिय होतं. मायक्रोसॉफ्टने ते 2015 मध्ये विकत घेतलं आणि मे 2020 मध्ये बंद केलं, लोकांना मायक्रोसॉफ्ट टू डूकडे जायला सांगितलं. ट्रेलोसुद्धा 2017 पासून ॲटलाशियनच्या मालकीचं आहे. मालक बदलला म्हणजे ॲप बुडतंच असं नाही, फुकटच्या मर्यादा मात्र बदलत राहतात. म्हणून ॲप निवडताना आत कसं शिरायचं याआधी बाहेर कसं पडायचं ते बघा. शीट्समधून एक्सेल फाइल मिळते, ती कुठंही उघडते. नोशन मजकूर आणि तक्ते दोन्ही बाहेर देतं. ट्रेलोच्या फुकट खात्यातून जेसन फाइल मिळते, ती तुम्हाआम्हाला वाचायला किचकट आहे, सोप्या तक्त्यासाठी ते पैसे मागतात. ऑब्सिडियनच्या फाइली मुळात तुमच्याकडेच असतात. पहिल्या आठवड्यातच दहा नोंदी टाकून बाहेर काढून बघा. जमलं नाही तर ॲप बदला, तेव्हा दहाच नोंदी हलवायच्या असतात.

प्रश्न : बोर्डावर उताऱ्यांचे, आधारचे फोटो आणि बँकेचे पासवर्ड ठेवले तर सगळं एका ठिकाणी सापडेल ना? (निपाणी)

उत्तर : पासवर्ड अजिबात नको, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतो. बिटवॉर्डनचं फुकट खातं घरच्या माणसाला पुरतं. आधारचा फोटोही नको. उताऱ्याचा फोटो ठेवायचा तर आधी बोर्ड कुणाला दिसतो ते तपासा. ट्रेलोवर बोर्ड 'पब्लिक' केला तर तो कुणालाही उघडता येतो आणि गूगलच्या शोधातही येऊ शकतो. 'प्रायव्हेट' ठेवा, आणि गवंड्याला किंवा एजंटाला दाखवायला म्हणून लिंक फिरवू नका, त्याला हवा तेवढा एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. बोर्डावर फक्त एवढंच लिहा: 'मूळ उतारा, कपाटातली निळी फाइल.'