पिवळ्या हिऱ्याची अंगठी ऑनलाइन घेऊ का?

प्रश्न: ताई, साखरपुड्यासाठी एका साइटवर पिवळ्या हिऱ्याची अंगठी बघितलीय, 'फॅन्सी यलो' लिहिलंय आणि किंमत अगदीच कमी. घ्यावी का? पुढेमागे विकली तर पैसे येतील ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अहो, किंमत अगदीच कमी म्हणजे आधी विचारा की हिरा आणि रंग दोन्ही नॅचरल आहेत का. पिवळा रंग नायट्रोजनमुळे येतो, पण तसा हिरा लॅबमध्येही बनतो आणि साध्या हिऱ्याला रेडिएशन देऊनही रंग आणतात, हिरा खराच असतो हो, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक! म्हणून जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट मागा, त्याचा नंबर जीआयएच्याच साइटवर स्वतः टाकून बघा, आणि हिऱ्याच्या कडेवर नंबर कोरलेला असेल तर अंगठी आल्यावर सोनाराच्या भिंगाखाली तो जुळवून घ्या.

फोटोवर तर अजिबात जाऊ नका. पिवळ्या सोन्यात बसवला की फिकट हिरासुद्धा गडद दिसतो, त्यामुळे दिवसाच्या उजेडातला व्हिडिओ मागवा, आणि रिपोर्टवर रंगाची प्रत फिकट 'फॅन्सी लाइट' आहे की गडद 'इंटेन्स' की त्याहून वरची 'व्हिव्हिड' ते बघा, कारण तिथेच भाव चढत जातो. सोन्यावरचा ६ अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, सरकारी बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो, फुकट.

विकायचं म्हणाल तर सोन्याचे पैसे येतील, हिऱ्यात घट धराच, लॅबवाल्याला तर बरेच सोनार हातच लावत नाहीत. बायबॅक देतो, म्हणजे अंगठी परत विकत घेतो म्हणाले तर किती टक्के ते बिलावर लिहून घ्या.