पोळ्याच्या हिशेबानं मुदत मोजू नका

प्रश्न : माझ्याकडे सेकंडहँड फोर बाय फोर आहे. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला होती. पावसाळ्यात पांदणीत गारा भरला की ती निघायचीच नाही. म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून मागे दारासारखं उघडणारं स्टँड बनवून घेतलं. नागपूर-हैदराबाद महामार्गावर संध्याकाळी टायर बदलत असताना मागून ट्रकनं उजव्या कोपऱ्याला ठोकलं आणि पळाला. नंबर कोणी पाहिला नाही. विमा कंपनीनं 'मंजुरीविना गाडीत बदल' असं कारण देऊन क्लेम नाकारला. पत्र मागच्याच्या मागच्या पोळ्याच्या सुमारास आलं. तेव्हापासून मेल करतोय, 'प्रकरण पाहत आहोत' एवढंच उत्तर येतं. स्टँड नंतर भंगारात दिलं. ते कायदेशीर होतं हे कसं सिद्ध करू? आणि नवं बनवू का?
— एक शेतकरी, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : स्टँड कायदेशीर होतं की नव्हतं, हे आज बाजूला ठेवा. कुणाचा क्रॅश गार्ड, कुणाचं कॅरिअर, कुणाचे रुंद टायर, अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात. प्रत्येकाला कायद्यावर वाद घालायचा असतो, पण नामंजुरीच्या पत्रावरची तारीख कुणी कळवत नाही. तुम्ही तर पोळा कळवलात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला दोन वर्षं मिळतात. तुमच्या बाबतीत ती नामंजुरीपासून धरली जातील. २०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलाय. म्हणजे 'पोळ्याच्या आत टाकू तक्रार' असं मनात धरून बसलात, तर बैल सजवायच्या आधीच मुदत संपलेली असेल. शिवाय 'सुमारास' म्हणजे पंधरा दिवस आधीही असू शकतं. घरातली फाइल, एजंटाचा व्हॉट्सअ‍ॅप, मेलचा इनबॉक्स, सगळं धुंडाळा आणि पत्रावर छापलेली तारीख शोधा. पत्र हातात चार दिवस उशिरा पडलं असेल तर पाकीट जपून ठेवा, पण त्या चार दिवसांवर विसंबू नका. मुदत छापील तारखेपासूनच मोजा.

मेल करत राहिल्यानं ही मुदत वाढत नाही. कंपनीनं एकदा स्पष्ट नाही म्हटलं की तुम्ही पन्नास पत्रं लिहा आणि ती पन्नास वेळा 'पाहत आहोत' म्हणो, घड्याळ पहिल्या नकारापासूनच चालतं. अशा गोड उत्तरांवर दोन-दोन वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि 'कंपनीशी बोलणं चालू होतं' हे सहसा पुरत नाही. विमा लोकपालाकडे जायची वाट तर बंदच झाली. तिथे नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं.

तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. तुम्ही जिथे राहता तिथला आयोग चालतो. पॉलिसीवर मुंबईचा पत्ता छापलाय म्हणून घाबरू नका. तुमच्यासारख्या विमा हप्त्याच्या रकमेला तक्रारीचं शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. आधी वकिलाची नोटीस पाठवलीच पाहिजे असं नाही, तिच्यात महिना घालवू नका. गाडीवर कर्ज असेल तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. कायदा म्हणतो की विरुद्ध बाजूला नोटीस मिळाल्यापासून साधारण तीन महिन्यांत निकाल लागावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि वर्षं जातात. म्हणूनच म्हणतो, तुमच्याकडून एक दिवसही वाया जाऊ देऊ नका. आयोग घालवतो तो वेगळा.

आता स्टँड. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेत असा फरक, ज्यानं तिचं मूळ स्वरूपच बदलतं. बंपरच्या मूळ भोकांतून बोल्टनं कसलेलं स्टँड आणि चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्डिंग केलेलं स्टँड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याबद्दल वाद घालता येईल. दुसऱ्याबद्दल मला फारशी आशा वाटत नाही, कारण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ नमुन्याविरुद्ध केलेल्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली आहे. तुमचं कोणतं होतं ते तुम्ही लिहिलं नाही, आणि आता दाखवायला स्टँडही नाही. पुरावा किलोच्या भावानं विकलात! नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरनं काढलेले फोटो आणि त्याचा अहवाल कंपनीकडून लेखी मागा. दिला नाही तर आयोगामार्फत मागवता येईल. वेल्डिंगवाल्याची कच्ची पावती असली तरी चालेल. नसेल तर त्यानं काय बनवलं, कुठे आणि कसं बसवलं, याचं शपथपत्र घ्या. पोलिसांत नोंद केली असेल तर तिची प्रतही लागेल.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे : स्टँडचा कब्जा, म्हणजे बिजागरी, कोणत्या बाजूला होता? उजवीकडे असेल, तर टायर बदलताना स्टँडचा उघडलेला हात चाकासकट रस्त्याकडे फिरला असणार, आणि ट्रकनं ठोकलंही उजव्या कोपऱ्यालाच. दुसरं म्हणजे, स्टँडवरच्या स्टेपनीआड मागचा दिवा किंवा नंबर प्लेट झाकली जात होती का? संध्याकाळची वेळ होती म्हणता. या दोन्हींची उत्तरं तुमच्या विरुद्ध गेली, तर अपघाताचं कारण स्टँडच होतं असं कंपनी म्हणेल, आणि ते खोडणं अवघड आहे. कब्जा डावीकडे होता, दिवा उघडा होता, तर स्टँडचा आणि टकरीचा संबंध काय, हे कंपनीला सांगावं लागेल. वकिलाला हे जसं होतं तसं सांगा. लपवलंत तर फोटोत निघेल.

कंपनी पुढे नवी कारणं काढेल, लायसन्स, फिटनेस वगैरे. नामंजुरीच्या पत्रात नसलेलं कारण तिला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय. त्यामुळे त्या पत्राचा शब्दन् शब्द महत्त्वाचा आहे. आणि पॉलिसीची अट मोडली असं ठरलंच, तरी सगळं जातंच असं नाही. काही प्रकरणांत ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळाली आहे. तुम्हाला मिळेल असं वचन मात्र मी देणार नाही.

नवं स्टँड? मोटार वाहन कायद्याच्याच कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आधी आरटीओला लेखी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि दोन्हीकडची पोच ठेवा. होकार आला तर बोल्टनं बसवा, पक्की पावती घ्या, दिवा झाकू नका, आणि कब्जा डावीकडे घ्या.